एवढ्यापुरतं

पुणे,
रविवार, सकाळ

चि. माऊस,


तुझं पत्र गुरुवारी मिळालं. एरवी फोनवर बोलणारी मुलगी पत्र लिहिते म्हणजे मनाशी काहीतरी पक्कं ठरलं आहे, हे पाकीट हातात घेतानाच कळलं. नगरपालिकेला उभी राहते आहेस, तेही आपलं जुनं घर आहे त्याच प्रभागातून. तुझ्या आईच्या जिवाला घोर लागला असेल. मलाही काळजी आहेच. पण त्याहून समाधान अधिक आहे. शिकल्यासवरल्या माणसांनी ओटीवर बसून राजकारणाला नावं ठेवायची आणि मग गाव बिघडलं म्हणून हळहळायचं, हे मी जन्मभर पाहिलं. तू ओटीवरून खाली उतरलीस, हे फार चांगलं केलंस.

शेवटी तू विचारलं आहेस : ‘मामा, तुम्ही इतकी वर्षं इतिहास शिकवलात. रोममधल्या एका भावानं आपल्या भावाला निवडणूक कशी जिंकावी याचं पत्र लिहिलं होतं म्हणे. त्यातलं माझ्या उपयोगाचं काय ते कळवा.’

कळवतो. पण त्या पत्रापाशी थांबणार नाही, कारण त्याच्या पुढची गोष्ट तुला जास्त उपयोगाची आहे. ती ख्रिस्तपूर्व काळातली आहे, म्हणून या पत्रातले सनाचे आकडे पुढे जाताना उतरत जातील, हे ध्यानात ठेव.

ज्याला ते पत्र लिहिलं असं मानतात तो मार्कस सिसेरो आर्पिनम नावाच्या लहान गावचा. घराण्यात पूर्वी कुणी कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च पदाधिकारी, झालेलं नाही. रोमन लोक अशाला ‘नवा माणूस’ म्हणत. इ. स. पूर्व ६४ मध्ये तो कॉन्सलपदासाठी उभा राहिला, तेव्हा धाकटा भाऊ क्विंटस यानं त्याला हा उपदेश लिहून दिला. पत्र खरोखर क्विंटसचंच का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण लिहिणाऱ्याला रोमची निवडणूक आतून माहीत होती, यात शंका नाही.

त्यातलं घेण्यासारखं पुष्कळ आहे. माणसांची नावं लक्षात ठेव. कुणालाही लहान समजू नकोस. शेजारी, कारागिरांचे संघ, गुलामीतून सुटलेली माणसं, या सगळ्यांपाशी जा. घरातली माणसं तुझ्याबद्दल जे बोलतील तेच शेवटी चौकात पोचेल, म्हणून आधी घर सांभाळ. रोममध्ये उमेदवार खडूनं पांढरा केलेला झगा घालून फिरत, पहाटेपासून लोक त्यांच्या दारात मुजऱ्याला येत, आणि समोरून येणाऱ्याचं नाव कानात सांगायला सोबत एक गुलाम असे. तुला तसा कुणी मिळणार नाही आणि मिळूही नये. मतदारयादी घेऊन स्वतः घरोघर फिर. नावं आपोआप पाठ होतील.

त्याच पत्रात विषही आहे. कुणी काही मागितलं तर नाही म्हणू नकोस, असं ते सांगतं. शब्द देऊन तो पाळला नाही तर थोडेच लोक रागावतात, पण तोंडावर नाही म्हटलं तर सगळेच तुटतात, असा त्यामागचा हिशेब आहे. हिशेब खोटा नाही, म्हणूनच तो जपून हाताळायला हवा. हा अर्धा भाग तू सोडून दे.

सिसेरो जिंकला. पत्र तिथे संपतं. जिंकल्यावर माणसानं कसं वागावं, याबद्दल त्यात फारसं काही नाही. ते शिकायचं असेल तर सिसेरोची पुढची वीस वर्षं पाहावी लागतात. ती पाहता येतात, कारण त्याच्या पत्रव्यवहारातली सुमारे नऊशे पत्रं आजही शिल्लक आहेत. चांगला माणूस कुठे कुठे घसरतो, हे त्यानंच आपल्या अक्षरात लिहून ठेवलं आहे. ती पत्रं मी आयुष्यात तीनदा वाचली, आणि प्रत्येक वेळी मला त्यांत एकच शब्द ऐकू आला. लॅटिनमध्ये त्याला काय म्हणत ते सोड. आपल्या मराठीत तो शब्द आहे ‘एवढ्यापुरतं’.

आधी रोमचा कारभार थोडक्यात सांगतो. राजा नको म्हणून त्यांनी दोन कॉन्सल ठेवले, तेही एका वर्षापुरते, आणि प्रत्येकाला दुसऱ्याला अडवण्याचा हक्क दिला. सामान्यांच्या बाजूनं दहा ट्रिब्यून होते. त्यांतला एकजण जरी ‘नाही’ म्हणाला तरी ठराव थांबे. सेनेट सल्ला देई, कायदे आणि नेमणुका जनतेच्या सभांत मतानं होत. मतं माणशी मोजत नसत. कॉन्सलच्या निवडणुकीत १९३ गट होते आणि श्रीमंतांचे गट आधी मत देत, त्यामुळे गरिबांची पाळी येण्याआधीच निकाल लागून जाई. व्यवस्था न्याय्य होती असं मी म्हणणार नाही. पण कुणाही एकाच्या हाती सगळं जाऊ नये, एवढी काळजी तिनं शतकानुशतकं घेतली होती. आणि हे सगळं एका लिखित संविधानात बांधलेलं नव्हतं. काही कायदे होते. बाकी सारं वाडवडिलांच्या रीतीवर चाले. ज्या घरात रीतच कायदा असते, तिथे एकदा मोडलेली रीत हीच उद्याची नवी रीत होते.

पहिली रीत मोडली ती एका भल्या माणसानं. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस ट्रिब्यून झाला. सरकारी जमिनी बड्या घराण्यांनी बळकावल्या होत्या, त्यांवर गुलाम राबत होते, आणि लढाया जिंकून आलेला शेतकरी शिपाई भूमिहीन झाला होता. टायबेरियसनं कायदा आणला : सरकारी जमिनीपैकी पाचशे युगेरांवर, म्हणजे सुमारे तीनशे एकरांवर, कुणी ठेवायची नाही, मुलांच्या नावानं थोडी सवलत, उरलेली गरिबांना वाटायची. मागणी रास्त होती. पण ऑक्टेवियस नावाच्या दुसऱ्या ट्रिब्यूननं ‘नाही’ म्हटलं. टायबेरियसनं लोकांचं मत घेऊन त्यालाच पदावरून काढलं. ट्रिब्यूनला असं काढण्याची रीत नव्हती. काम चांगलं आहे, म्हणून एवढ्यापुरतं.

मग तो लगेच दुसऱ्या वर्षासाठी उभा राहिला, आणि विरोधकांनीही आपलं एवढ्यापुरतं काढलं. सेनेटर बाकांचे मोडके पाय आणि सोटे घेऊन सभेवर चालून गेले. तीनशेच्या वर माणसं मेली. प्रेतं रात्री टायबर नदीत फेकली. बारा वर्षांनी त्याचा भाऊ गायस असाच मारला गेला, आणि त्या वेळी सेनेटनं कॉन्सल ओपिमियसला राज्य वाचवण्यासाठी वाटेल ते कर, असा ठराव हाती दिला. प्लूटार्कच्या आकड्याप्रमाणे त्या वेळी तीन हजार मेले. ओपिमियसवर खटला झाला, तो सुटला, आणि त्यानं शहरात सलोख्याच्या देवीचं देऊळ नव्यानं बांधलं.

पुढचं झपाट्यानं सांगतो. उत्तरेकडून टोळ्या चालून आल्या, म्हणून मॅरियस या सेनापतीला १०४ ते १०० अशी लागोपाठ पाच वर्षं कॉन्सल केलं, एवढ्यापुरतं. त्याआधीच त्यानं जमीन नसलेल्यांना सैन्यात घेतलं होतं. या शिपायांना परत जायला शेत नव्हतं. राज्यानं त्यांच्या म्हातारपणाची सोय केली नाही, तेव्हा ते आपल्या सेनापतीकडे पाहू लागले. ८८ मध्ये सुल्ला नावाचा सेनापती आपलं सैन्य घेऊन खुद्द रोमवर चालून आला. त्याच्या बरोबरचे अधिकारी, एक सोडून सगळे, लाजेनं त्याला सोडून गेले. शिपाई मात्र गेले नाहीत. सहा वर्षांनी त्याच सुल्लानं भर चौकात नावांच्या याद्या लावल्या. यादीतल्याला मारणाऱ्याला बक्षीस, मेलेल्याच्या मालमत्तेचा लिलाव, आणि त्याच्या मुलांना पदांची दारं बंद. सिसेरो तेव्हा पंचविशीच्या आत होता. हे सगळं त्यानं उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता इथे जरा थांब, कारण खरी शिकवण इथून सुरू होते. नियम मोडून नुकसान झालं तर माणूस शहाणा होतो. नियम मोडून फायदा झाला तर काय होतं, ते बघ.

पाँपे नावाचा सेनापती पस्तिशीत, ७० मध्ये, कॉन्सल झाला. वय बसत नव्हतं. कॉन्सलला ४२ लागे. आधीची पदंही त्यानं भूषवलेली नव्हती. सेनेटचं कामकाज कसं चालवावं याची टिपणवही त्याला विद्वान मित्र वारोकडून लिहून घ्यावी लागली. तीन वर्षांनी समुद्रावर चाचे इतके माजले की रोममध्ये धान्य येईना. तेव्हा एका खास कायद्यानं पाँपेला साऱ्या भूमध्य समुद्रावर आणि किनाऱ्यापासून आत पन्नास मैलांपर्यंत तीन वर्षांचा अधिकार दिला. जुन्या मंडळींनी विरोध केला. एका माणसाच्या हाती एवढी सत्ता देऊ नका म्हणाले. पाँपेनं तीन महिन्यांत समुद्र मोकळा केला. धान्याचे भाव उतरले. मग पुढच्याच वर्षी, ६६ मध्ये, पूर्वेकडच्या युद्धाचा तसाच अधिकार त्याला द्यावा असा प्रस्ताव आला, तेव्हा बाजूनं भाषण कुणी केलं असेल? आपल्या सिसेरोनं. विरोधकांचा मुद्दा कालच्या यशानं खोडून निघाला होता.

माऊ, इथे मला माझी एक गोष्ट तुला सांगितलीच पाहिजे. तुझ्या आईलाही ती पूर्ण ठाऊक नाही. मी ऐन चाळिशीत एका पतपेढीच्या संचालक मंडळावर होतो. एका सज्जन माणसाला मुलीच्या ऑपरेशनसाठी तातडीनं कर्ज हवं होतं. दोन जामीनदार लागत. त्याच्याकडे एकही नव्हता. मी म्हणालो, माणूस सोन्यासारखा आहे, एवढ्यापुरतं करू या. ठराव झाला. त्या माणसानं पैन् पै फेडली. आणि म्हणूनच पुढच्या वेळी दुसऱ्या संचालकानं आपला माणूस पुढे केला, तेव्हा कुणाला नाही म्हणता येईना. सरांच्या माणसाला दिलं तेव्हा काय बुडालं, असं तो म्हणाला. मग तिसरा आला, मग चौथा. काही वर्षांनी पतपेढीच्या दारात भाजी विकणाऱ्या बायका आपल्या ठेवींच्या पावत्या घेऊन उन्हात उभ्या होत्या, आणि आत द्यायला पैसे नव्हते. ज्यांनी बुडवले त्यांना लोकांनी शिव्या दिल्या. मला कुणी काही म्हणालं नाही. पण बिनजामिनाच्या पहिल्या ठरावावर माझी सही आहे, आणि त्या बायकांचे चेहरे आजही माझ्यासमोर येतात.

म्हणून तुला कळकळीनं सांगतो : फसलेला अपवाद एकदाच नुकसान करतो. यशस्वी झालेला अपवाद दार उघडं ठेवून जातो.

सिसेरो ६३ मध्ये कॉन्सल झाला, आणि त्या एका वर्षात त्यानं दोनदा दार उघडं ठेवलं. निवडणुकीतल्या लाचेविरुद्ध त्यानं स्वतःच कडक कायदा केला. लाच देणाऱ्याला दहा वर्षं हद्दपारी. काही महिन्यांतच पुढच्या वर्षासाठी निवडून आलेल्या मुरेनावर त्याच कायद्याखाली खटला भरला गेला, आणि मुरेनाचं वकीलपत्र घेतलं सिसेरोनं. कारण साधं होतं : कॅटिलाइन नावाचा माणूस बंडाच्या तयारीत होता, जानेवारीत एक कॉन्सल कमी पडला असता तर राज्य संकटात आलं असतं. मुरेना सुटला. कायदा करणाऱ्याचाच हात त्या कायद्यावरून फिरला.

दुसरं त्याहून मोठं. बंडातले पाचजण पकडले गेले होते. नागरिकाला लोकांच्या निवाड्याशिवाय मृत्युदंड देऊ नये, असा गायस ग्रॅकसचा कायदा साठ वर्षं जागेवर होता. ५ डिसेंबरला सेनेटमध्ये चर्चा झाली. सीझर म्हणाला, वेगवेगळ्या गावांत कैदेत ठेवा. केटो म्हणाला, मारा. सेनेट केटोच्या बाजूनं झुकली आणि सिसेरोनं त्याच संध्याकाळी पाचांनाही फासावर दिलं. लोकांनी दिवे लावून त्याला घरी पोचवलं. पाच वर्षांनी क्लोडियस ट्रिब्यून झाला आणि त्यानं कायदा आणला : निवाड्याशिवाय नागरिकाला मारणाऱ्याला देशाबाहेर काढावं. नाव घ्यायची गरजच नव्हती. सिसेरोला रोम सोडावं लागलं, पॅलाटाइन टेकडीवरचं त्याचं घर पाडलं, आणि त्या जागेवर क्लोडियसनं स्वातंत्र्यदेवीचं स्थान उभारलं. सुमारे दीड वर्षानं सिसेरो परत आला, पण दिवे लावून पोचवणाऱ्यांची गर्दी किती टिकते, ते त्याला कळून चुकलं होतं.

केटोचं तर तू विशेष ध्यानात ठेव, कारण त्याच्याइतका कडक माणूस त्या काळी रोममध्ये नव्हता. मुरेनावर लाचेचा खटला भरणाऱ्यांत तोच होता. पुढे सीझर ५९ सालच्या कॉन्सलपदाला उभा राहिला. त्याच्याविरुद्ध केटोच्या जावयानं, बिब्युलसनं, निवडून यावं म्हणून सेनेटच्या पुढाऱ्यांनी वर्गणी करून मतं विकत घ्यायचं ठरवलं. सुएटोनियस लिहितो, केटोनंही नाही म्हटलं नाही; ही लाच राज्याच्या हिताची आहे, असं त्यालाही पटलं. रोममध्ये तेव्हा प्रत्येक मतदार-विभागात पैसे वाटणारे ठरलेले असत, आणि रक्कम निकालापर्यंत त्रयस्थाकडे ठेवत. आपल्याकडे ज्याला लक्ष्मीदर्शन म्हणतात तेच. ५४ सालच्या निवडणुकीत लाचेसाठी इतकं कर्ज उचललं गेलं की रोममधला व्याजाचा दर ४ टक्क्यांवरून ८ वर गेला. ही नोंद सिसेरोच्याच पत्रात आहे. चांगल्यांनी एकदा हात लावला की वाईटांना अडवायला कुणाच्या हाताला जोर राहत नाही. आणि ५२ मध्ये क्लोडियसचा खून झाला, त्याच्या माणसांनी त्याची चिता सेनेटच्या सभागृहातच पेटवून ते सभागृह जाळलं, तेव्हा पाँपेला एकट्यालाच कॉन्सल करावं हा प्रस्ताव बिब्युलसनं मांडला आणि केटोनं त्याला पाठिंबा दिला. दोन कॉन्सल ही प्रजासत्ताकाची पहिली ओळख; ती सर्वांत कडक माणसाच्या संमतीनं पुसली गेली.

आता ब्रूटसची गोष्ट. तुला तो सीझरला मारणारा तत्त्वनिष्ठ म्हणून माहीत असेल. सिसेरो ५१ मध्ये सिलिशियाचा सुभेदार झाला; सायप्रस बेट त्याच्याच अखत्यारीत होतं. तिथल्या सलामिस गावाला रोममधून कर्ज दिलेलं होतं, व्याज ४८ टक्के. बाहेरच्या गावांना रोममध्ये असं कर्ज देण्याला कायद्यानं बंदी होती. सेनेटकडून या एका कर्जापुरती खास सूट मिळवलेली होती. वसुलीवर असलेल्या स्काप्टियसनं घोडदळ नेऊन गावच्या पंचांना त्यांच्याच सभागृहात कोंडलं, आणि पाच पंच उपाशी मेले. सिसेरोनं घोडदळ बेटावरून हलवलं आणि स्वतःच्या सुभ्यात १२ टक्क्यांच्या वर व्याज नाही असं जाहीर केलं, हे त्याचं मोठेपण. मग त्याला कळलं की कर्ज खरं ब्रूटसचं आहे. गावकरी १२ टक्क्यांनी पैसे मोजायला तयार होते. घेत नसाल तर देवळात ठेव म्हणून ठेवतो, म्हणाले. सिसेरोनं तेही होऊ दिलं नाही आणि निकाल पुढच्या सुभेदारावर सोडला. ब्रूटस मित्र होता, आणि ज्या जिवलग ॲटिकसला सिसेरो हे सगळं कळवत होता, तोही ब्रूटससाठीच शब्द टाकत होता. आपण न्याय केला असं सिसेरोला वाटलं. सलामिसच्या लोकांना काय वाटलं असेल, त्याचा विचार तू कर.

इथे तू मला अडवशील, हे मला दिसतं आहे. तू म्हणशील, मामा, नियम धरून बसणारेही काही धुतल्या तांदळाचे नव्हते. बरोबर आहे तुझं. नियमांच्या आड लपूनच श्रीमंतांनी जमिनी राखल्या. पाँपेच्या परतलेल्या शिपायांना जमिनी द्यायच्या होत्या, ते केटो आणि त्याच्या मित्रांनी अडवून धरलं आणि पाँपेला सीझरच्या पदरात ढकललं. इटलीतली गावं पिढ्यानपिढ्या रोमच्या बाजूनं लढत होती, पण त्यांना नागरिकत्व नाकारलं. ते मागणारा ड्रूसस ९१ मध्ये मारला गेला, मग भयंकर युद्ध झालं, आणि जे मागून दिलं नव्हतं ते रक्त सांडून द्यावं लागलं. नियम अन्यायाचा असेल तर तो तसाच जपणं हे पुण्य नव्हे.

पण बदलण्याचीही एक रीत रोमलाच ठाऊक होती. पूर्वी मत तोंडानं सांगावं लागे, आणि धनी समोर उभा असे. १३९ मध्ये निवडणुकीत गुप्त मताचा कायदा झाला. १३७ मध्ये खटल्यांत, १३१ मध्ये कायदे करताना, आणि १०७ मध्ये उरलेल्या राजद्रोहाच्या खटल्यांतही तो लागू झाला. चार कायदे, बत्तीस वर्षं, सर्वांसाठी, उघडपणे. बड्यांना आवडलं नाही, तरी ते टिकलं. यातून मी शिकलो ते असं : नियम चुकीचा असेल तर सर्वांसाठी बदल, एकासाठी वाकवू नकोस.

आणखी एक आकडा तुला देतो. ५० सालचा १ डिसेंबर. तोवर सीझर आणि पाँपे एकमेकांचे वैरी झाले होते. दोघांनीही सैन्य सोडावं, असा प्रस्ताव ट्रिब्यून क्यूरिओनं सेनेटमध्ये मांडला. बाजूनं ३७०, विरुद्ध २२. देशाला काय हवं होतं ते याहून स्पष्ट काय असणार? पण कॉन्सल मार्सेलसनं सभा मोडली, पाँपेकडे जाऊन त्याच्या हाती तलवार दिली, आणि ३७० माणसं घरी गेली. सहा आठवड्यांच्या आत सीझरनं सैन्यासह रुबिकॉन नदी ओलांडली आणि यादवी सुरू झाली. मत दिलं की आपलं काम झालं, असं त्या ३७० जणांना वाटलं. नगरपालिकेच्या सभेत तुझ्यावरही अशी वेळ येईल. हात वर करून घरी जाऊ नकोस. ठराव इतिवृत्तात उतरला का, त्याचं पुढे काय झालं, हे विचारत राहा.

शेवटचं एवढ्यापुरतं सिसेरोचंच. यादवी जिंकून सत्ताधीश झालेला सीझर मारला गेला होता, त्याचा साथीदार अँटनी माजला होता. सीझरचा दत्तक मुलगा ऑक्टेवियन १९ वर्षांचा. त्यानं स्वतःच्या बळावर, बेकायदा, सैन्य उभं केलं होतं. ४३ च्या १ जानेवारीला सिसेरोनं सेनेटपुढे मागणी केली, या मुलाला सेनेटर करा, लष्करी अधिकार द्या, वयाची अट शिथिल करा. त्याच्या निष्ठेची हमी मी देतो, असंही म्हणाला. त्याच ऑगस्टमध्ये तो मुलगा सैन्य घेऊन रोममध्ये शिरला आणि कॉन्सल झाला. नोव्हेंबरात त्यानं अँटनीशी हातमिळवणी केली, आणि सुल्लासारख्याच याद्या लागल्या. यादीत सिसेरोचं नाव होतं. क्विंटसही मारला गेला. निवडणूक जिंकण्याचा उपदेश ज्याच्या नावावर आहे तोच हा भाऊ. ७ डिसेंबर ४३ रोजी फॉर्मिएजवळ शिपायांनी सिसेरोला गाठलं. ज्या व्यासपीठावरून तो बोलायचा, तिथेच त्याचं शिर आणि हात लावून ठेवले. पाँपेपासून या पोरापर्यंत त्यानं जी दारं राज्याच्या भल्यासाठी उघडी ठेवली, त्यांतूनच मृत्यू आत आला.

त्याच्या पुढच्याच वर्षी एक बाई त्या चौकात बोलायला उभी राहिली, ते सांगून गोष्ट संपवतो. युद्धाच्या खर्चासाठी सत्ताधाऱ्यांनी १,४०० श्रीमंत बायकांवर कर बसवला. एकही पुरुष त्यांची बाजू मांडायला पुढे येईना. तेव्हा हॉर्टेन्सिया स्वतः गेली, हातात सैन्य असलेल्या त्या सत्ताधाऱ्यांसमोर. आम्हाला पदांत, सन्मानांत, कारभारात वाटा नाही. मग तुमच्या आपसांतल्या युद्धाचा कर आम्ही का द्यायचा, असं तिनं विचारलं. यादी ४०० वर आली. त्या चौकात शेवटी ताठ उभं राहून प्रश्न कुणी विचारला, हे पाहिलं की मला तुझी आठवण येते. तुला वाटा मिळाला आहे, मत आहे, उभं राहण्याचा हक्क आहे. हॉर्टेन्सियाकडे यांतलं काहीच नव्हतं.

आता अगदी व्यवहाराचं बोलतो. एक वही कर. कुणी काम घेऊन आलं की त्यात नाव आणि काम लिही. मग स्वतःला विचार : हेच काम ज्यानं मला मत दिलं नाही त्याच्यासाठी मी केलं असतं का? आणि हेच उद्या माझ्या विरोधकानं केलं तर मला चालेल का? दोन्हीला हो असेल तर झटून कर. एकाला जरी नाही असेल, तर त्याच बैठकीत, चहा संपायच्या आत, नाही म्हणून सांग. लोक रागावतील. काही मतं जातील. कदाचित एखादी निवडणूकही जाईल. पण नियमाचा तुला आधार राहील, आणि नियमाला तुझा.

अनोळखी माणसाला नाही म्हणणं तुला जड जाणार नाही. पहिली परीक्षा जवळच्या माणसाची असेल. तुला माहीत आहेच, आपल्या जुन्या घराच्या मागच्या पडवीच्या परवानगीचा अर्ज गेल्या वर्षापासून नगरपालिकेत पडून आहे. अर्जावर नाव माझं आहे. तू निवडून आल्यावर मी थकलेला असेन, पावसाळा तोंडावर असेल, पडवी गळत असेल, आणि कदाचित मीच तुला फोन करून म्हणेन, माऊ, एवढ्यापुरतं बघ.

तेव्हा हे पत्र काढून वाच, आणि मला नाही म्हण.

तुझा,
मामा